दिलासा नको, बातमी द्या

मराठी वृत्तपत्र उघडलं की महाराष्ट्राचा हेवा वाटतो. माजी मंत्र्याला दिलासा. गृहकर्जदारांना दिलासा. उकाड्याने हैराण झालेल्या पुणेकरांना दिलासा. कांदा उत्पादकांना दिलासा आणि त्याच पानावर खाली कांदा खाणाऱ्यांनाही दिलासा. अटकेच्या भीतीने फोन बंद करून बसलेल्या नगरसेवकाला तूर्तास दिलासा, वाहनचालकांना किंचित दिलासा, करदात्यांना मोठा दिलासा. एवढा दिलासा रोज पदरात पडणारी जनता एव्हाना तृप्त होऊन अंगणात पान चघळत बसलेली दिसायला हवी होती. ती तशी दिसत नाही. मग एक तर जनता कृतघ्न आहे, नाहीतर हा शब्द छापणारे काहीतरी दडवत आहेत. मला दुसरी शंका जास्त येते.

माझा आरोप सरळ आहे. ‘दिलासा’ हा शब्द मथळ्यात आला की तो बातमी गिळून टाकतो. काय घडलं, कुणी घडवलं, मुळात ते दुखणं कुणी लावलं होतं, उतारा किती दिवस टिकणार आणि त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडलं जाणार, यांतलं काहीही या शब्दातून कळत नाही. कळतं एवढंच, की कुणाला तरी बरं वाटलं. वृत्तपत्र विकत घेणाऱ्याला कुणाला बरं वाटलं हे हवं नसतं. त्याला काय झालं ते हवं असतं.

घरात, गल्लीत, गावात आपण हा शब्द कधी वापरतो ते आठवा. कुणाचं माणूस गेलं की शेजारीपाजारी जाऊन बसतात, पाठीवर हात ठेवतात, ‘आम्ही आहोत’ म्हणतात. याला दिलासा देणं म्हणतात. दिलासा देणाऱ्याच्या हातात दुसरं काही नसतं. गेलेलं माणूस तो परत आणू शकत नाही, म्हणून दोन शब्द देतो. त्या दोन शब्दांचं मोल मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सरकार, न्यायालय, रिझर्व्ह बँक, महानगरपालिका ही मंडळी सांत्वनाला आलेले शेजारी नव्हेत. त्यांच्या हातात सत्ता आहे, तिजोरी आहे, आदेशाचा कागद आहे. ती कर लावतात आणि काढतात, बंदी घालतात आणि उठवतात, माणसाला आत टाकतात आणि बाहेर सोडतात. त्यांनी जे केलं त्याला नाव असतं. ते नाव खोडून तिथे ‘दिलासा’ लिहिणं म्हणजे अधिकाराला मायेचं रूप देणं.

कांद्याचं उदाहरण घेऊ, कारण या शब्दाची सगळी लबाडी कांद्यावर उघडी पडते. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. लासलगावसह नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. बोंबाबोंब झाल्यावर केंद्राने आणखी दोन लाख टन कांदा २,४१० रुपये क्विंटलने खरेदी करण्याची घोषणा केली. शुल्क मात्र तसंच राहिलं. त्याच आठवड्यात सरकारी यंत्रणेमार्फत शहरांत २५ रुपये किलोने कांदा विकायला सुरुवात झाली. आता पाहा: शेतकऱ्याला किलोमागे २४ रुपये १० पैसे, हाही दिलासा. ग्राहकाला २५ रुपयांत कांदा, हाही दिलासा. एकाच आठवड्यात, एकाच मालावर, समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांनाही दिलासा. मग त्रास नेमका कुणाला होता? मालाला बाहेर ज्यादा भाव मिळत असताना त्याची वाट अडवली गेली होती, ही खरी बातमी. तिचा या दोन्ही मथळ्यांत मागमूस नाही.

पुढे काय झालं तेही बघा. २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्याची अट आली. ८ डिसेंबरपासून निर्यात पुरती बंद. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत साठवून ठेवता येत नाही. काढला की विकावाच लागतो. म्हणजे बंदी बरोबर अशा वेळी आली, जेव्हा शेतकऱ्याला थांबायचीही सोय नव्हती. भाव कोसळले आणि शहरातल्या पानांवर ‘गृहिणींना दिलासा’ झळकला. बंदीची मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, ती संपायच्या आत बेमुदत वाढवली गेली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. दिंडोरी आणि नाशिकचं लोकसभेचं मतदान २० मे रोजी होतं. या निर्णयाचं वर्णन कोणत्या शब्दाने झालं असेल, हे सांगायची गरज आहे का? सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, डॉलरची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. पुन्हा दिलासा. १ एप्रिल २०२५ पासून उरलेलं २० टक्के शुल्कही गेलं. पुन्हा एकदा दिलासा.

हिशेब मांडला तर एवढंच दिसतं: ऑगस्ट २०२३ च्या आधी जे शुल्क नव्हतं, ते एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा नाहीसं झालं. शेतकरी होता तिथेच आला. मधल्या दीड वर्षाचा तोटा त्याने सोसला आणि त्याच दीड वर्षात त्याला निदान तीन वेळा ‘दिलासा’ मिळाला. ‘भीक नको पण कुत्रा आवर’ ही म्हण ज्याने रचली, त्याने कांद्याचं निर्यात धोरण पाहिलेलं नव्हतं, तरी ती तंतोतंत लागू पडते. कुत्रा अंगावर सोडला कुणी, हे मात्र मथळ्यात यायला तयार नाही.

यातली एक बारीक खोड लक्षात घ्या. कर लावला जातो, बंदी घातली जाते, तेव्हा मथळ्यातून कर्ता गायब असतो: ‘कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क’. जणू ते पावसासारखं वरून पडलं. तेच शुल्क काढलं की कर्ता ठळक अक्षरांत परत येतो: ‘केंद्राचा शेतकऱ्यांना दिलासा’. घेताना हात दिसत नाही, देताना मात्र बांगड्यांसकट दिसतो. एखाद्या दिवशी एखाद्या उपसंपादकाच्या हातून असं झालं, तर ती घाई म्हणून सोडून देता येईल. वर्षानुवर्षं, सगळ्या पक्षांच्या सरकारांच्या बाबतीत आणि सगळ्या वृत्तपत्रांत असं होत असेल तर ती सवय आहे. आणि ही सवय कुणाच्या सोयीची आहे, हे सांगायला राज्यशास्त्राची पदवी लागत नाही. दिंडोरीच्या मतदाराला तरी ती लागली नाही. त्याने २०२४ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्र्यांना घरी बसवलं. मथळे वाचून मत दिलं असतं, तर त्यांचा विजय पक्का होता.

पेट्रोलची गोष्ट याहून मजेदार आहे, कारण तिथे आकडे स्वतःच चोरी पकडून देतात. मार्च आणि मे २०२० मध्ये केंद्राने दोन टप्प्यांत उत्पादनशुल्क वाढवलं: पेट्रोलवर मिळून १३ रुपये, डिझेलवर १६ रुपये. तेव्हा जगात कच्चं तेल मातीमोल झालं होतं, त्यामुळे वाढ पंपावर फारशी जाणवली नाही. स्वस्त तेलाचा फायदा ग्राहकाच्या खिशात जाण्याऐवजी तिजोरीत गेला, एवढाच त्याचा अर्थ. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये, ऐन दिवाळीत, पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपये कमी झाले. दिलासा! मे २०२२ मध्ये पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपये कमी झाले. मोठा दिलासा! आता बेरीज करा. पाच आणि आठ तेरा. दहा आणि सहा सोळा. जेवढं काढून घेतलं तेवढंच, पैशाचाही फरक न पडता, परत आलं. पाकीटमाराने पाकीट मारावं, दीड-दोन वर्षं त्यातले पैसे फिरवावेत, मग पाकीट परत करावं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘प्रवाशाला दिलासा’ छापून यावं, तशातली ही गत. बेरीज चौथीच्या मुलाला जमण्यासारखी आहे. ती मथळ्यात का आली नाही? कारण ‘दिलासा’ छापला की बेरीज करायची गरज उरत नाही.

आता न्यायालयाकडे वळू. तिथे तर या शब्दाने घर बांधलं आहे. अटकपूर्व जामीन मिळाला, दिलासा. नियमित जामीन मिळाला, दिलासा. ‘सक्तीची कारवाई करू नका’ असं न्यायालयाने पोलिसांना तोंडी सांगितलं, दिलासा. शिक्षेला स्थगिती मिळाली, दिलासा. दोषसिद्धीला स्थगिती मिळाली, तोही दिलासा. गुन्हा रद्द झाला, दिलासा. प्रत्यक्ष हजर राहण्यातून सूट मिळाली, दिलासा. सुनावणी दोन आठवडे पुढे गेली आणि तोवर अटक टळली, तर ‘तूर्तास दिलासा’. कायद्याच्या दृष्टीने या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. अटकपूर्व जामीन मिळालेल्या माणसावरचा खटला पुरा उभा असतो. गुन्हा रद्द झालेल्या माणसावर खटलाच उरत नाही. शिक्षेला स्थगिती मिळाली म्हणून माणूस निर्दोष ठरत नाही. वकील आपापसांत ‘अंतरिम दिलासा’ म्हणतात, तेव्हा त्यांना कुठला आदेश, कुठल्या कलमाखाली, कधीपर्यंत, हे माहीत असतं. वाचकाला यातलं काही माहीत नसतं. तो चहा पिता पिता वाचतो आणि समजतो, साहेब सुटले.

साहेबांनाही तेच हवं असतं. संध्याकाळी कार्यकर्ते फटाके फोडतात, पेढे वाटतात आणि ‘सत्याचा विजय’ असा फलक चौकात लागतो. मूळ आदेशात न्यायाधीशांनी फक्त पुढची तारीख दिलेली असते.

राहुल गांधींचं उदाहरण घ्या. मार्च २०२३ मध्ये सुरतच्या न्यायालयाने त्यांना मानहानीच्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची खासदारकी गेली. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली, तीन दिवसांनी सदस्यत्व परत मिळालं. ‘राहुल गांधींना मोठा दिलासा’ या शब्दांत ही बातमी घरोघरी गेली. पण खरी बातमी न्यायालयाच्या कारणांत होती. मानहानीच्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षांची आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याने अपात्रता लागू होते तीही दोन वर्षांच्या शिक्षेपासून. कमाल शिक्षाच का द्यावी, याचं कारण खालच्या न्यायालयाने दिलं नव्हतं. शिक्षा एका दिवसाने जरी कमी असती तरी अपात्रता लागू झाली नसती, हे सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं. एका दिवसाच्या फरकावर एका मतदारसंघाचं प्रतिनिधित्व टांगलेलं होतं. ही बातमी आहे. राहुल गांधींना त्या दुपारी कसं वाटलं, हे त्यांच्या घरच्यांनी विचारावं.

आपल्याकडचा, शिवसेनेतल्या फुटीच्या प्रकरणातला ११ मे २०२३ चा निकाल तर या शब्दाची कसोटीच होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं, की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं होतं. त्याच निकालात सांगितलं, की उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नाही. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला. म्हणजे सत्ता ज्या चाचणीच्या आदेशामुळे गेली तो आदेश चुकीचा, आणि तरीही त्यातून आलेलं एकनाथ शिंदे यांचं सरकार कायम. लोकशाहीचा विद्यार्थी यावर रात्रभर वाद घालू शकेल. आपल्याकडे वाद तासाभरात मिटला: ‘शिंदे सरकारला दिलासा’. दुसऱ्या बाजूच्या पानांवर ‘नैतिक विजय’. दोन शब्दांनी एक घटनात्मक पेच पुसून टाकला.

राजकारण्यांना मात्र या शब्दाची किंमत नेमकी कळते. एप्रिल २०२२ मध्ये ‘आयएनएस विक्रांत’ वाचवण्यासाठी जमवलेल्या निधीच्या प्रकरणात भाजपचे किरीट सोमय्या यांना मुंबई उच्च न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिलं, तेव्हा शिवसेनेचे संजय राऊत यांनी ‘दिलासा घोटाळा’ अशी शब्दरचना केली. ठरावीक लोकांनाच न्यायालयात दिलासा मिळतो, असा त्यांचा रोख होता. पुढे पत्राचाळ पुनर्विकासातल्या कथित गैरव्यवहाराच्या प्रकरणात राऊत स्वतः आत गेले. ९ नोव्हेंबर २०२२ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना जामीन दिला आणि त्यांची अटकच बेकायदा असल्याचं म्हटलं. अटक बेकायदा होती, असं न्यायालय म्हणतं तेव्हा त्याहून मोठी बातमी कोणती असते? एका माणसाला शंभर दिवस बेकायदा डांबलं गेलं, असा त्याचा अर्थ होतो. त्यासाठी कोण जबाबदार, हा पुढचा प्रश्न असतो. त्या जागी बहुतेकांनी वाचलं ते ‘राऊतांना दिलासा’. सोमय्यांना मिळाला तोही दिलासा, राऊतांना मिळाला तोही दिलासा. एकाच मापाने दोघांना मोजून मराठी पत्रकारितेने आपला निःपक्षपातीपणा सिद्ध केला, असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

ज्यांना हा शब्द कधीच मिळत नाही, त्यांच्याबद्दलही बोलायला हवं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसं होती आणि त्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतल्या तिघांवरचा आरोप अजून सिद्धच झालेला नव्हता. पूर्वी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडावं, अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये आहे. त्यातून मोठे गुन्हे वगळले आहेत, पण मोबाइलचोरीत अडकलेल्या पोराला ती लागू होते. अशा पोराला जामीन मिळाला तर मथळा होत नाही. मिळाला नाही तर मुळीच होत नाही.

एल्गार परिषद प्रकरणात अटकेत असलेले स्टॅन स्वामी आठवतात? वय ८४, कंपवाताने हात थरथरणारे, तळोजा कारागृहात पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागलेला माणूस. ५ जुलै २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी सुरू असतानाच ते वारल्याचं न्यायालयाला सांगण्यात आलं. त्याआधीचे महिने मथळे म्हणत होते, ‘दिलासा नाहीच’. जणू दिलासा ही एखादी चैनीची वस्तू होती आणि या म्हाताऱ्याला ती परवडली नाही. त्यांनी जामीन मागितला होता, उपचार मागितले होते, पाणी प्यायला नळी मागितली होती. या तिन्ही गोष्टींना मराठीत नावं आहेत. ती छापली असती तर वाचकाला ओकारी आली असती. म्हणून गुळगुळीत शब्द बरा.

पाऊस तरी यातून सुटेल असं वाटलं होतं. नाही सुटला. एप्रिलमध्ये वळवाची सर आली की शहरांना ‘उकाड्यापासून दिलासा’. त्याच सरीने कुठे आंब्याच्या कैऱ्या झडलेल्या असतात, कुठे काढून ठेवलेला उन्हाळ कांदा भिजलेला असतो. ती बातमी आतल्या पानावर ‘अवकाळीचा तडाखा’ म्हणून येते. ढग एकच, पाऊस एकच. पहिल्या पानावर तो दिलासा होतो, सातव्या पानावर तडाखा, कारण पहिलं पान शहरात वाचलं जातं. जुलैत मुंबईचे सात तलाव भरत आले की ‘मुंबईकरांना दिलासा’ येतो. आणि सातांची मिळून साठवण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, हा आकडा दरवर्षी नेमाने छापला जातो. त्यांतले भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत. त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बायका हंडे लावून बसतात. धरण त्यांच्या दारात, पाणी मुंबईच्या नळाला, दिलासाही मुंबईलाच. तलाव भरले, एवढं लिहिलं असतं तर ते दोघांसाठीही खरं ठरलं असतं.

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर ६.५ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आणला. कर्जदारांना दिलासा, बरोबर. पण ठेवींच्या व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्त शिक्षकाचं उत्पन्न त्याच निर्णयाने घटतं. तो सकाळी सहाला उठून पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणारा, वर्षाची वर्गणी आगाऊ भरणारा तुमचा सर्वांत इमानी वाचक आहे. त्याच्या तोंडावर रोज हा दिलासा मारला जातो.

आणि अतिवृष्टीची मदत? केंद्राच्या २०२२-२६ साठीच्या निकषांनुसार कोरडवाहू पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालं, तर हेक्टरी ८,५०० रुपये ठरलेले होते. हेक्टरचे गुंठे करा. गुंठ्याला साधारण ८५ रुपये पडतात. बियाणं, खत, फवारणी, पेरणी, खुरपणी आणि चार महिने आभाळाकडे बघणं, या सगळ्याचे गुंठ्याला ८५ रुपये. त्यासाठी तलाठ्याने पंचनामा करायचा, यादी लागायची, बँक खातं आधारशी जोडलेलं असायचं. राज्य सरकारं यात कधी भर घालतात, मर्यादा वाढवतात, पॅकेज जाहीर करतात. एकूण आकडा हजारो कोटींचा असतो आणि मथळा तोच आकडा उचलतो: ‘बळीराजाला दिलासा’. गुंठ्याचा भाव कुणी छापत नाही. कोटींचा आकडा मंत्रालयातून येतो. गुंठ्याचा हिशेब वार्ताहराने स्वतः करायचा असतो.

मी वृत्तपत्राच्या डेस्कवर बसलेलो आहे. तिथे या शब्दाची बाजू कशी मांडली जाते, ते मला पाठ आहे. पहिला बचाव: मथळ्याला जागा नसते. ठीक, मोजू. दिलासा, अक्षरं तीन. जामीन, तीन. कपात, तीन. स्थगिती, तीन. सूट आणि माफी, दोन-दोन. ‘माजी मंत्र्याला दिलासा’ जेवढ्या जागेत बसतं, तेवढ्याच जागेत ‘माजी मंत्र्याला जामीन’ बसतं. दुसरा बचाव: वाचकाला कळतं हो. कळत असेल तर मग सभ्य गृहस्थ, शिकलेसवरलेले, ‘अमक्याला कोर्टाने सोडलं’ असं ठामपणे का सांगत असतात? तिसरा बचाव, जो कुणी मोठ्याने म्हणत नाही: शब्द प्रेसनोटमध्येच येतो. ‘शासनाच्या या निर्णयामुळे लाखो शेतकऱ्यांना मोठा दिलासा मिळणार आहे’ हे वाक्य कार्यालयात तयार होऊनच येतं. पान सोडायची वेळ झालेली असते, माणसं कमी असतात, वाक्य उचललं जातं आणि ठळक टाइपात वर चढवलं जातं. ज्याच्या निर्णयाची तपासणी करायची, त्यानेच लिहिलेला निकाल आपण छापतो आणि वर आपलं नाव चौथा स्तंभ.

मराठीला शब्दांचा दुष्काळ आहे म्हणून हे होतं, असंही नाही. सवलत, सूट, कपात, माफी, भरपाई, परतावा, मुदतवाढ, स्थगिती, जामीन, मुक्तता, सुटका. यांतला प्रत्येक शब्द काय घडलं ते सांगतो आणि प्रत्येकाला पुढचा प्रश्न चिकटलेला असतो. ‘कपात’ लिहिलं की ‘किती?’ विचारावंच लागतं. ‘स्थगिती’ लिहिलं की ‘कधीपर्यंत?’ येतं. ‘भरपाई’ लिहिलं की ‘नुकसान केवढं आणि मिळालं किती?’ हा हिशेब समोर येतो. ‘परतावा’ लिहिलं की ‘मुळात घेतलं कुणी?’ हे लपत नाही. ‘दिलासा’ लिहिलं की एकही प्रश्न उरत नाही. आळशी डेस्कला आणि हुशार मंत्र्याला तो एकाच वेळी आवडतो, त्याचं कारण हेच.

या शब्दाला कायमची बंदी घाला, असं मी म्हणत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर सतरा दिवस अडकले होते. ते जिवंत बाहेर आले त्या रात्री त्यांच्या घरच्यांना वाटलं, त्याला दिलासा म्हणा, कोण अडवतंय? पण तिथेही मथळ्यात ‘४१ मजुरांची सुटका’ हेच मोठं होतं आणि तेच असायला हवं होतं. घरच्यांचं हायसं वाटणं ही त्यामागून येणारी गोष्ट. आधी घटना, मग भावना. हा क्रम सांभाळला तर शब्दाशी माझं भांडण नाही.

संपादकांना माझं सांगणं एवढंच. महिनाभर हा शब्द मथळ्यातून हद्दपार करून बघा. वार्ताहराला विचारा: दिलासा म्हणजे काय रे बाबा, जामीन की स्थगिती? किती रुपये? मागच्या वर्षी हेच कुणी वाढवलं होतं? उत्तर मिळालं तर तो मथळा करा. उत्तर मिळालं नाही तर ती बातमी नव्हे, जाहिरात आहे. ती जाहिरातीच्या दराने छापा.

आणि वाचकांना. पेपर तुमच्या पैशाने घरात येतो, तेव्हा संकोच करू नका. ‘दिलासा’ दिसला की पेन घ्या, त्याखाली रेघ मारा आणि समासात लिहा: कुणी दिला, काय दिलं, आधी कुणी घेतलं होतं? बातमी शेवटपर्यंत वाचूनही या तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर ते कात्रण संपादकाच्या नावाने पाठवून द्या. शंभर जणांनी पाठवलं तर एखाद्या दिवशी डेस्कवरचा कुणीतरी तो शब्द टाइप करताना थांबेल.

तोवर तुमच्या वाट्याला रोज सकाळी दिलासाच येणार. पेट्रोलचे तेरा रुपये कुठून आले आणि कुठे गेले, हे तुम्हाला स्वतःच मोजावं लागणार.